म्युटंट उंदराचं अनुमस्तिष्क कसं तपासायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला कामाची ओळख बऱ्याचदा एका वाक्यात करून दिली जाते: "या जनुकात म्युटेशन आहे, उंदीर झोकांड्या खातात, अनुमस्तिष्क लहान दिसतं, बघ काय होतंय ते." मग तो मिळेल त्या वयाचे मेंदू कापतो, मिळेल ती अँटीबॉडी लावतो आणि काही महिन्यांनी त्याच्यापाशी शेकडो सुंदर फोटो असतात. त्या फोटोंमधून उत्तर मात्र निघत नाही.

अनुमस्तिष्क (सेरेबेलम) म्हणजे तोल आणि हालचाली सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग. ते लहान होण्याला अनेक कारणं असू शकतात. कधी पेशी जन्मालाच येत नाहीत, कधी जन्मतात पण योग्य जागी पोचत नाहीत, कधी सगळं नीट घडून नंतर मरतात. प्रौढ उंदराच्या मेंदूच्या पातळ कापात या तिन्ही गोष्टी जवळपास सारख्याच दिसू शकतात. म्हणून सगळ्यात आधी कोणती पेशी बिघडली आणि कितव्या दिवशी, हा एक प्रश्न पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच उत्तरासाठी आहेत.

पायरी १: निरोगी अनुमस्तिष्काचं वेळापत्रक पाठ करा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. तसं करू नका. बिघाड ओळखायचा तर कोणत्या दिवशी काय असायला हवं हे विचारण्याआधी सांगता आलं पाहिजे.

उंदराचा गर्भकाळ साधारण १९ दिवसांचा. सकाळी मादीच्या योनिमार्गात प्लग दिसला की त्या दिवसाची दुपार ई-०.५ धरतात (ई म्हणजे गर्भातले दिवस, पी म्हणजे जन्मानंतरचे). जन्माचा दिवस पी-०. काही प्रयोगशाळांत त्याच दिवसाला पी-१ म्हणतात, तेव्हा तुमच्याकडची पद्धत पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या आणि वहीत लिहा. पहिल्या पंधरवड्यात एका दिवसाच्या फरकाने काप ओळखू न येण्याइतका बदलतो.

सुरुवात ई-९ च्या आसपास होते. मध्यमस्तिष्क आणि पश्चमस्तिष्क जिथे मिळतात त्या सीमेवर संकेत देणाऱ्या पेशींचा एक पट्टा असतो, इस्थमस. सीमेच्या पुढच्या अंगाला ओटीएक्स-२ आणि मागच्या अंगाला जीबीएक्स-२ ही जनुकं काम करतात. इस्थमसमधून एफजीएफ-८ हे प्रथिन बाहेर पडतं. डब्ल्यूएनटी-१, एनग्रेल्ड-१ आणि एनग्रेल्ड-२ हीसुद्धा याच टापूतली जनुकं. या टप्प्यावर बिघाड झाला तर अनुमस्तिष्काचा अख्खा भागच गायब होतो. १९९० साली डब्ल्यूएनटी-१ निकामी केलेल्या उंदरांत मध्यमस्तिष्क आणि अनुमस्तिष्क दोन्ही नाहीसे झालेले दिसले, ते याचं ठळक उदाहरण.

त्यानंतर दोन जन्मस्थानं कामाला लागतात. एक चौथ्या वेंट्रिकलला, म्हणजे मेंदूतल्या द्रव भरलेल्या पोकळीला, लागून असलेला व्हेंट्रिक्युलर झोन. तिथे पीटीएफ-१ए हे जनुक चालतं आणि अवरोधक चेतापेशी तयार होतात. त्यांतल्या पर्किंजे पेशी, म्हणजे पुढे एका रांगेत बसणाऱ्या मोठ्या, फांद्यांच्या पेशी, साधारण ई-११ ते ई-१३ या काळात जन्मतात. दुसरं जन्मस्थान म्हणजे ऱ्हॉम्बिक लिप. तिथे अ‍ॅटोह-१ चालतं आणि उत्तेजक चेतापेशी निघतात: आधी खोल केंद्रकांतल्या, मग ग्रॅन्यूल पेशींच्या, म्हणजे छोट्या आणि संख्येने प्रचंड अशा चेतापेशींच्या, पूर्वज पेशी. या पूर्वज पेशी ई-१३ च्या सुमारापासून अनुमस्तिष्काच्या पृष्ठभागावरून पसरत जातात आणि तिथे एक थर तयार करतात. पाठ्यपुस्तकात त्याला बाह्य ग्रॅन्यूल थर म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे ईजीएलच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

खरी गर्दी जन्मानंतर होते. पर्किंजे पेशी सॉनिक हेजहॉग हे प्रथिन सोडतात आणि त्या संकेतावर ईजीएलमधल्या पेशी भराभर विभागतात. हे १९९९ साली वेगवेगळ्या गटांच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. पी-६ ते पी-८ च्या दरम्यान हा थर सर्वांत जाड असतो. विभाजन थांबवलेल्या पेशी ईजीएलच्या आतल्या अर्ध्या भागात येतात, मग बर्गमन ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींच्या तंतूंना धरून पर्किंजे पेशींच्या रांगेपलीकडे खाली उतरतात आणि आतला ग्रॅन्यूल थर, म्हणजे आयजीएल, भरत जातात. तीन आठवडे होता होता ईजीएल संपतो. याच काळात पृष्ठभागाला घड्या पडतात आणि मधल्या भागात, वर्मिसमध्ये, १ ते १० क्रमांकांच्या खंडिका स्पष्ट होतात.

उंदराच्या मेंदूत सुमारे ७ कोटी १० लाख चेतापेशी मोजल्या गेल्या आहेत. त्यांपैकी ४ कोटी २० लाखांच्या आसपास अनुमस्तिष्कात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ग्रॅन्यूल पेशी. म्हणजे अनुमस्तिष्काचा आकार मुख्यतः ग्रॅन्यूल पेशी किती झाल्या यावर ठरतो, आणि त्या किती व्हाव्यात हे बऱ्याच अंशी पर्किंजे पेशी ठरवतात. हे परस्परावलंबन नीट समजलं की पुढचा अर्धा गोंधळ मिटतो.

पायरी २: म्युटेशन नेमकं काय आहे ते वाचा

"अमुक जनुकाचा म्युटंट" एवढ्यावर समाधान मानू नका. कोणता एक्सॉन (जनुकातला प्रथिनाचा मजकूर असलेला तुकडा) उडवला, काढलेल्या तुकड्याची लांबी तिनाने भागली जाते का, जनुकाचा संदेश अजून तयार होतो का, प्रथिन खरंच नाहीसं झालं आहे का? काढलेला तुकडा तिनाच्या पटीत असेल तर वाचनचौकट टिकू शकते आणि छोटं, अर्धवट काम करणारं प्रथिन तयार होऊ शकतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिन शोधण्याच्या चाचणीत, ते प्रथिन नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय "नॉकआउट" (जनुक पूर्ण निकामी) हा शब्द वापरू नका.

याचं महत्त्व जीआरआयडी-२ या जनुकात लख्ख दिसतं. हे पर्किंजे पेशींवरच्या एका रिसेप्टरचं जनुक. ते निकामी झालं, जसं हॉटफुट उंदरांत होतं, तर पर्किंजे पेशी जगतात, पण त्यांचे ग्रॅन्यूल पेशींच्या तंतूंशी होणारे जोड कमी पडतात. त्याच जनुकातल्या लर्चर म्युटेशनमुळे रिसेप्टरची वाहिनी कायमची उघडी राहते आणि एकच बिघडलेली प्रत असली तरी जवळजवळ सगळ्या पर्किंजे पेशी मरतात. दोन प्रती असतील तर पिल्लू जन्मानंतर लगेच दगावतं. लर्चरचं हे कोडं १९९७ साली सुटलं. जनुक एकच, पण एका उंदरात काम थांबलं आहे आणि दुसऱ्यात ते अनावर झालं आहे.

उंदरांचा वाणही इथेच तपासा. एनग्रेल्ड-१ नसलेली १२९ वाणाची पिल्लं बहुतांश अनुमस्तिष्काविना जन्मतात आणि जगत नाहीत. तेच म्युटेशन सी-५७ ब्लॅक-६ वाणावर आणलं की अनुमस्तिष्क बरंचसं वाचतं. तेव्हा दुसऱ्या गटाचे निकाल तुमच्याशी जुळत नसतील, तर त्यांना चुकीचं ठरवण्याआधी त्यांच्या उंदरांचा वाण बघा.

पायरी ३: पैदास, जीनोटायपिंग आणि मोजदाद

पहिलं पिल्लू हाताळण्याआधी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी तुमच्या नावासह आहे ना, याची खात्री करा. किती प्राणी लागतील याचा हिशोबही तेव्हाच मांडला जातो. तो मनापासून मांडा. विनाकारण मारलेला प्राणी आणि अपुऱ्या संख्येमुळे वाया गेलेला प्राणी, दोन्ही आपल्याच जबाबदारीवर जातात.

दोन हेटरोझायगस, म्हणजे बिघडलेली एकच प्रत असलेल्या, उंदरांच्या जोडीतून १:२:१ (निरोगी, एक बिघडलेली प्रत, दोन्ही बिघडलेल्या) असं प्रमाण अपेक्षित असतं. शेपटीच्या किंवा कानाच्या छोट्या तुकड्यातून डीएनए काढून पीसीआर करा आणि प्रत्येक जेलवर तिन्ही जीनोटाइपचे (जनुकाच्या प्रतींच्या जोड्यांचे) माहीत असलेले नमुने शेजारी चालवा. डीएनएऐवजी नुसतं पाणी टाकलेला एक खड्डाही हवाच.

मग मोजा. समजा ८० पिल्लांत २० होमोझायगस (दोन्ही प्रती बिघडलेली) अपेक्षित आहेत आणि तुम्हाला १५ मिळाली. अपेक्षित आणि मिळालेल्या संख्येतला फरक मोजणारा काय-स्क्वेअर काढला तर तो १.६७ च्या आसपास येतो. योगायोग नाकारण्याच्या नेहमीच्या मर्यादेच्या, ३.८४ च्या, बराच खाली असल्यामुळे त्यावरून काहीच म्हणता येत नाही. पण ४ च मिळाली तर तोच आकडा १७ च्या पुढे जातो आणि पिल्लं कुठेतरी दगावताहेत हे नक्की होतं. अशा वेळी गर्भावस्थेच्या वेगवेगळ्या दिवशी मोजणी करून ती कधी कमी होतात ते शोधा. जगलेल्या चार पिल्लांवर सगळा अभ्यास उभा करणं धोक्याचं असतं, कारण ती सौम्य बिघाड असलेली, निवडून वाचलेली पिल्लं असतात.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचं निरोगी पिल्लू, नेहमी त्याच वेतातलं भावंड घ्या. दुसऱ्या पिंजऱ्यातलं त्याच वयाचं पिल्लू चालणार नाही. वेतात पिल्लं किती, आई कशी, दूध किती, या सगळ्याचा मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

पायरी ४: जिवंत उंदीर नीट बघा

रोज वजन करा. म्युटंट पिल्लं हालचालीत कमी पडतात, दुधासाठीच्या चढाओढीत मागे राहतात आणि खुरटतात. कुपोषणानेही ईजीएल संपायला उशीर होतो. त्यामुळे पी-१० च्या खुरट्या पिल्लात ईजीएल जाड दिसला तर तो जनुकाचा थेट परिणाम असेलच असं नाही. मेंदूचं एकूण वजन आणि प्रमस्तिष्काच्या कॉर्टेक्सची जाडीही मोजा. सगळा मेंदूच प्रमाणात लहान असेल तर गोष्ट वेगळी आणि फक्त अनुमस्तिष्क लहान असेल तर वेगळी. वेतात मोजकी पिल्लं ठेवून सगळ्यांना पुरेसं दूध मिळेल असं बघणं हाही साधा, उपयोगी उपाय आहे.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला पाठीवर ठेवून ते किती वेळात उलटतं ते बघा. दुसऱ्या आठवड्यात ते चालू लागलं की झोक जाणं, मागचे पाय फाकणं, कापरं भरणं दिसायला लागतं. मोठ्या उंदरांसाठी रोटारॉड, म्हणजे तोल सांभाळत चालायचा फिरता दांडा, असतोच, बहुतेक ठिकाणी ५ मिनिटांत मिनिटाला ४ पासून ४० फेऱ्यांपर्यंत वेग वाढवत नेतात. तीन-चार दिवस सलग चाचणी घ्या. पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा उंदीर दिवसागणिक सुधारतो का, हे अनुमस्तिष्काबद्दल जास्त सांगतं. एफव्हीबी आणि सी-३-एच या वाणांत डोळ्याचा पडदा झिजवणारं म्युटेशन आधीपासूनच असतं, हे मात्र लक्षात ठेवा. आंधळा उंदीर चाचणीत मागे पडला तर दोष अनुमस्तिष्काच्या माथी मारू नये.

पायरी ५: मेंदू काढणं आणि काप घेणं

ही हाताची कामं. शिकलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच ती येतात, तरी काही गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

भ्रूणाचा मेंदू ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये बुडवला तरी पुरतो. साधारण पहिल्या आठवड्यानंतरच्या पिल्लांना पूर्ण भूल देऊन हृदयातून द्रावण फिरवावं, म्हणजे परफ्यूजन करावं. हे द्रावण विषारी आहे, फ्यूम हूडखालीच काम करा. मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात मेंदू तळाशी बसेपर्यंत ठेवा. तरंगत असलेला मेंदू घाईने गोठवला की बर्फाच्या स्फटिकांनी पेशींत भोकं पडतात आणि ती पुढे पेशी मेल्याची खूण वाटू शकतात.

कवटी उघडताना अनुमस्तिष्काच्या दोन्ही बाजूंना बघा. पॅराफ्लॉक्युलस नावाचे दोन छोटे गोळे कानाजवळच्या हाडाच्या खोबणीत बसलेले असतात. मेंदू वर उचलला की ते हमखास तुटून हाडातच राहतात. फोटोत त्याने फार बिघडत नाही, पण अनुमस्तिष्काचं वजन करणार असाल तर एका उंदरात ते आले आणि दुसऱ्यात राहिले, एवढ्यानेही निकाल फिरतो. आधी खोबणीची हाडं बारीक चिमट्याने बाजूला करा आणि मगच मेंदू उचला.

मेंदू मध्यरेषेवर धारदार ब्लेडने दुभागा आणि कापलेली सपाट बाजू साच्याच्या तळाला लावून गोठवा. असं केलं की सुरुवातीचेच काप वर्मिसचे मिळतात. क्रायोस्टॅटवर (गोठलेले नमुने कापायच्या यंत्रावर) १२ ते १४ मायक्रोमीटरचे काप बहुतेक रंगवण्यांना चालतात. मध्यभागाच्या कापात पांढऱ्या द्रव्याची शाखा-शाखांची रचना अखंड दिसते आणि दहाही खंडिका ओळखता येतात. खोल केंद्रकं दिसू लागली की तुम्ही बाजूला सरकला आहात. म्युटंट आणि कंट्रोल यांचे एकाच पातळीवरचे काप, शक्य असेल तिथे एकाच स्लाइडवर, ठेवा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सावधगिरी. काप जरा तिरका गेला की ईजीएल प्रत्यक्षाहून जाड दिसतो आणि पर्किंजे पेशींची एकेरी रांग दोन-तीन पदरी भासते. नवशिक्याला वाटतं, पेशी जागेवर पोचल्या नाहीत. हे ओळखायचं कसं? एखाद्या खंडिकेच्या माथ्यावर बघू नका, दोन खंडिकांमधल्या सरळ भिंतीकडे बघा. तिथे पर्किंजे पेशींच्या फांद्या पृष्ठभागापर्यंत लांबच लांब गेलेल्या दिसत असतील तर काप सरळ आहे. फांद्या तुटक, ठिपक्यांसारख्या दिसत असतील तर तो काप मोजणीतून बाद करा. मग तो कितीही छान रंगलेला असो.

पायरी ६: काय काय रंगवायचं

आधी साधं निस्ल, म्हणजे सगळ्याच पेशी दाखवणारं रंगकाम, करा. क्रेसिल व्हायोलेटमध्ये थर, घड्या, आकार सगळं एका नजरेत येतं आणि पुढे कोणत्या अँटीबॉडीवर वेळ घालवायचा ते ठरतं.

पर्किंजे पेशींसाठी कॅलबिंडिन. अनुमस्तिष्काच्या कॉर्टेक्समध्ये ते त्यांनाच रंगवतं, फांद्यांसकट. पिकलेल्या ग्रॅन्यूल पेशींसाठी न्यू-एन. पर्किंजे पेशी न्यू-एनने रंगत नाहीत, त्यामुळे दोन्ही मिळून रंगवलं की चित्र फार स्वच्छ येतं. ग्रॅन्यूल पूर्वज पेशींसाठी पॅक्स-६, विभाजन चालू असलेल्या पेशींसाठी केआय-६७, विभाजन थांबवलेल्यांसाठी पी-२७. बर्गमन ग्लियाचे तंतू जीएफएपीने दिसतात. ते सरळ उभे आहेत का वेडेवाकडे झाले आहेत, हे बघायला विसरू नका. उतरणाऱ्या ग्रॅन्यूल पेशींची वाट तीच आहे. मरणाऱ्या पेशींसाठी सक्रिय कॅस्पेज-३.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सी-५७ ब्लॅक-६ वाणाच्या निरोगी उंदरांतही वर्मिसच्या मागच्या भागात, ८ आणि ९ क्रमांकाच्या खंडिकांच्या मध्ये, पर्किंजे रांगेच्या बाहेरच्या अंगाच्या रेण्वीय थरात अडकलेले पेशींचे छोटे पुंजके पुष्कळदा सापडतात. म्युटंटमध्ये ते दिसले की मोठा शोध लागल्यासारखं वाटतं. कंट्रोलमध्ये तीच जागा त्याच बारकाईने शोधल्याशिवाय त्यावर एक ओळही लिहू नका.

पायरी ७: विभाजन, थांबणं आणि उतरणं वेगवेगळं मोजा

ग्रॅन्यूल पेशी कमी आहेत हे दिसलं तर तीन प्रश्न उरतात: विभाजन कमी झालं, ते वेळेआधी थांबलं, की पेशी मेल्या?

पी-७ च्या पिल्लाला ईडीयू, म्हणजे नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारं रसायन, टोचा, शरीराच्या दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅम हे प्रमाण सर्रास वापरतात. दोन तासांनी मेंदू काढला तर त्या वेळी डीएनए बनवत असलेल्या पेशी चमकतात. निरोगी कापात हे दृश्य मोहक असतं. ईजीएलचा बाहेरचा अर्धा भाग चमकत्या ठिपक्यांनी भरलेला, आतला अर्धा जवळजवळ काळा आणि मधली सीमा स्पष्ट. म्युटंटमध्ये ही सीमा कुठे सरकली आहे ते बघा.

दुसऱ्या भावंडाला ईडीयू टोचून २४ तास थांबा आणि सोबत केआय-६७ रंगवा. ईडीयू आहे पण केआय-६७ नाही, अशा पेशी म्हणजे त्या दिवसभरात विभाजनचक्रातून बाहेर पडलेल्या. ईडीयू असलेल्या एकूण पेशींत त्यांचा वाटा किती, हे मोजलं की चक्र सोडण्याचा वेग कळतो. तिसऱ्याला तीन दिवस ठेवा. तोवर चमकणाऱ्या बऱ्याच पेशी आयजीएलमध्ये उतरलेल्या हव्यात. त्या ईजीएलमध्येच अडकल्या असतील तर उतरण्यात अडचण आहे.

मोजणी करताना कोणता काप म्युटंटचा हे मोजणाऱ्याला माहीत नसावं, स्लाइडवरच्या खुणा दुसऱ्याकडून झाकून घ्या. प्रत्येक खंडिका वेगळी मोजा, कारण अनेक म्युटेशन पुढच्या खंडिकांना जास्त झोडपतात किंवा शेवटची खंडिका सोडून देतात. पर्किंजे पेशी रांगेच्या दर मिलिमीटरला किती, हा आकडा चांगला, पण एकटा फसवा. अनुमस्तिष्क आणि पेशी दोन्ही सारख्याच प्रमाणात घटले तर घनता तशीच राहते आणि एकूण संख्या मात्र निम्मी झालेली असते. दोन्ही आकडे द्या. आणि सांख्यिकीत मोजायचं एकक उंदीर आहे. तीन उंदरांचे ६० काप म्हणजे नमुन्यांची संख्या ३, ६० नव्हे.

पायरी ८: पहिला दोष कोणाचा

जुने, झोकांड्यांवरून नाव पडलेले म्युटंट इथे गुरू आहेत. प्रत्येक नवशिक्याने त्यांतले तीन तरी मनात पक्के बसवावेत.

रीलर उंदीर १९५१ साली वर्णन केला गेला आणि त्याचं जनुक १९९५ मध्ये सापडलं. अनुमस्तिष्क छोटं, जवळपास घड्या नसलेलं आणि बहुतेक पर्किंजे पेशी आत खोल ढिगात अडकलेल्या. साहजिकच वाटतं, जनुक पर्किंजे पेशींचं असेल. प्रत्यक्षात रीलिन हे प्रथिन ईजीएलमधल्या ग्रॅन्यूल पेशी बाहेर सोडतात. पर्किंजे पेशींवर ते ओळखणारे दोन रिसेप्टर असतात आणि आत डॅब-१ हे प्रथिन तो निरोप पुढे नेतं. १९९९ साली ते दोन्ही रिसेप्टर एकाच वेळी काढून टाकले तेव्हा रीलरसारखंच चित्र दिसलं. पर्किंजे पेशी खोल राहिल्यामुळे ईजीएलला विभाजनाचा संकेत पुरेसा पोचत नाही आणि ग्रॅन्यूल पेशीही कमी होतात. जनुक चालतं एका पेशीत, ठळक बिघाड दिसतो दुसऱ्या पेशीत, आणि त्याची झळ पुन्हा पहिल्या पेशीला बसते. म्हणून जनुक कुठे व्यक्त होतं एवढं पाहून निष्कर्ष काढू नका.

वीव्हर आणि स्टॅगरर यांची जोडी तर शेजारी-शेजारी ठेवून अभ्यासावी. दोन्हींत अनुमस्तिष्क लहान, दोन्हींत ग्रॅन्यूल पेशी फार कमी. वीव्हरमध्ये पोटॅशियमच्या एका वाहिनीत, जीआयआरके-२ मध्ये, बदल झाल्यामुळे ग्रॅन्यूल पेशी खाली उतरण्याआधीच ईजीएलमध्ये मरतात. स्टॅगररमध्ये आरओआर-अल्फा हे जनुक बिघडलेलं असतं. तिथे पर्किंजे पेशीच कमी आणि खुरट्या राहतात, ग्रॅन्यूल पेशी आधी कमी विभागतात आणि नंतर जोडायला जोडीदार नाही म्हणून मरतात. हे कसं कळलं? १९७९ मध्ये निरोगी आणि स्टॅगरर पेशी एकत्र असलेले मिश्र उंदीर तयार केले गेले. त्यांत शेजारी निरोगी पेशी असूनही स्टॅगरर पर्किंजे पेशी बिघडलेल्याच राहिल्या. दोष त्यांच्याच आत होता.

आज हेच काम क्री-लॉक्सपीने करतात: लॉक्सपी या खुणांमधला जनुकाचा तुकडा क्री हे एन्झाइम ठरावीक पेशींतच कापून काढतं. अ‍ॅटोह-१ क्रीने जनुक ग्रॅन्यूल पूर्वज पेशींतून काढा, पीटीएफ-१ए क्रीने अवरोधक चेतापेशींच्या घराण्यातून, आणि बघा कोणत्या उंदरात मूळ बिघाड परत दिसतो. पर्किंजे पेशींसाठी पीसीपी-२ क्री लोकप्रिय आहे, पण तिचं काम मुख्यतः जन्मानंतर सुरू होतं. पर्किंजे पेशींच्या जन्माबद्दलचा किंवा स्थलांतराबद्दलचा प्रश्न त्या क्रीने सुटत नाही. त्यात बिघाड दिसला नाही तर जनुक निर्दोष ठरत नाही, फक्त उशिरा काढून टाकल्याने फरक पडत नाही एवढंच कळतं. फक्त क्री असलेले, लॉक्सपी नसलेले कंट्रोलही मोजा.

विकास बिघडला की विकास होऊन झीज झाली, हेही याच पायरीवर ठरवा. पीसीडी नावाच्या उंदरात पर्किंजे पेशी जन्मतात, रांगेत बसतात, फांद्या फोडतात आणि मग तिसऱ्या आठवड्यापासून भराभर मरत जातात. सगळ्यात शेवटपर्यंत टिकतात त्या मुख्यतः १० क्रमांकाच्या खंडिकेतल्या. दोन महिन्यांचा पीसीडी उंदीर पाहून "पर्किंजे पेशींचा विकास होत नाही" असं कोणी लिहिलं तर ते साफ चूक ठरेल, आणि पी-१० चा एक काप पाहिला असता तर ती टळली असती. म्हणून ई-१३.५, ई-१७.५, पी-०, पी-७, पी-१४, पी-२१ आणि प्रौढ अशी मालिका करा. प्राणी मोजकेच असतील तर पी-७ आणि पी-२१ पासून सुरू करा आणि बिघाड दिसला तिथून मागे-मागे जात पहिला बिघडलेला दिवस गाठा.

पायरी ९: माणसाशी सांधा जोडताना

रीलिनच्या जनुकातल्या दोषाने माणसांत गुळगुळीत कॉर्टेक्स आणि अपुरं अनुमस्तिष्क दिसतं, हे २००० साली नोंदवलं गेलं. पीटीएफ-१ए बिघडलेल्या बाळांत स्वादुपिंड आणि अनुमस्तिष्क दोन्ही नसतात, हे २००४ साली. व्हीएलडीएलआर, म्हणजे रीलिन ओळखणाऱ्या दोनपैकी एक रिसेप्टर, बिघडलेल्या कुटुंबांत चालण्याचा तोल जन्मापासून जातो, हे २००५ साली. उंदराने दाखवलेली वाट माणसात खरी ठरते, म्हणून तर हे बारीक काम इतक्या काळजीने करायचं.

फक्त वेळापत्रक वेगळं आहे हे विसरू नका. उंदराचा ईजीएल तीन आठवड्यांत संपतो, माणसाचा गर्भातच खूप वाढतो आणि जन्मानंतर साधारण वर्षभर टिकतो. पी-७ चा उंदीर म्हणजे आठवड्याचं बाळ, असं समीकरण मांडू नका. रुग्णाच्या एमआरआयशेजारी तुमचा काप ठेवायचा असेल तर वय बघून जोडी लावू नका, ईजीएल कोणत्या अवस्थेत आहे, घड्या किती पडल्या आहेत आणि पर्किंजे पेशी एका रांगेत आल्या आहेत का, ते बघून लावा.